लग्नाचा लेहंगा शिवून घ्यायचाय? आधी आतली बाजू ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या मुलीचं साक्षगंध (साखरपुडा) झालंय, लग्न अक्षय्य तृतीयेच्या आसपास, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, संध्याकाळच्या मुहूर्तावर. मुलगी पुण्याला नोकरीत, महिन्यातून एखाद्या वेळी नागपूरला येते. तिला तयार लेहंगा नकोय, स्वतःच्या मनासारखा शिवून हवाय आणि मोबाईलमध्ये फोटो भरपूर साठवलेत. घरात आजीचा जांभळा शालू आहे, तो मोडून लेहंगा होईल का, असंही विचारलंय. सुरुवात किती आधी करावी, कापड कोणतं घ्यावं आणि बुटीकवाल्यांना काय विचारावं?

ताई, मी नागपुरातच नवरीचे कपडे शिवून देते. माझ्याकडे येणारी प्रत्येक मुलगी आधी फोटो दाखवते, आणि मी आधी तिला दिवसाचा कार्यक्रम विचारते. फोटोतली मुलगी उभी असते, तीही थंड स्टुडिओत. आपली नवरी पाटावर बसणार, वाकून पन्नास जणांच्या पाया पडणार, वरमालेच्या वेळी मुलाकडच्यांनी नवरदेवाला खांद्यावर उचललं की हात उंच करणार, आणि मग पाहुणे संपेपर्यंत स्टेजवर उभी राहणार. लेहंगा या सगळ्यासाठी शिवायचा असतो. म्हणून माझा क्रम असा: आधी आतलं, म्हणजे माप, अस्तर, पट्टा आणि वजन, वरची नक्षी आणि रंग त्यानंतर.

पहिलं घरात बसून ठरवा की लेहंगा नेमका कशाला. आपल्याकडे बऱ्याच घरांत विधी मामाकडच्या पिवळ्या साडीत होतात आणि मंगलाष्टकांना वेगळा पेहराव असतो. तसं असेल तर लेहंग्याला वरमाला, मंगलाष्टकं आणि स्टेज एवढंच निभवायचंय. थोडं वजन चालेल. पण होम आणि सप्तपदीही त्यातच असेल तर मी नेटची ओढणी आणि कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवायला आत लावतात तो कडक जाळीचा थर, यांना सरळ नाही म्हणते. नेट, ऑर्गंझा म्हणून मिळणारं बहुतेक कापड पॉलिस्टर किंवा नायलॉनचं असतं. ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं. होमाजवळ रेशीम किंवा सुती बरं.

आता ऊन. अक्षय्य तृतीयेला नागपुरात सूर्य मावळला तरी लॉनची जमीन तापलेलीच असते. मोठाले कूलर लावतात, पण त्यांचा झोत एका बाजूनं येतो आणि हलकी ओढणी सगळ्यात आधी तोंडावर उडते. उन्हाळ्यात वेलवेट तर नकोच, सॅटिनही नको. सॅटिनवर घामाचा डाग पहिल्या अर्ध्या तासात दिसतो. ब्लाउजला गडद एकरंगी रॉ सिल्कही जपून घ्या, काखेत ओल आली की तिथला रंग वेगळा दिसतो. बनारसी ब्रोकेडची बारीक बुट्टी हे लपवून घेते. चंदेरी अंगाला हलकी वाटते. आणि माझा स्वतःचा जीव ज्यावर आहे तो आपल्या विदर्भाचा कोसा. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचं हे रेशीम, त्याचा मधासारखा मूळ रंग संध्याकाळच्या दिव्यात फार सुरेख दिसतो, आणि त्यातून वारा जातो. करवती काठाचा कोसा मिळाला तर लेहंगा नाही, ओढणी करा. त्या काठाची करवतीच्या दातांसारखी किनार मधला आणि काठाचा धागा विणतानाच एकमेकांत अडकवून येते. काठ वेगळा जोडलेला नसतो. तो कापून कळ्यांत, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्यांत, वाटून टाकला तर वाया गेला. एक मात्र लक्षात ठेवा, कोसा आणि टिश्यू (जरीच्या धाग्याचं झिरझिरीत कापड) शिवणीपाशी सरकतात. अंगाबरोबर बसणाऱ्या भागात त्यांच्यामागे सुती थर लावल्याशिवाय शिवू देऊ नका.

अस्तराबद्दल कोणी विचारत नाही आणि नवरी रात्रभर सहन करते ते अस्तरच. ब्लाउजला मऊ सुती मलमल, लेहंग्याला कॅम्ब्रिक (दाट विणीचं सुती) किंवा चांगलं सांतून (मऊ, चमकदार अस्तराचं कापड). सांतूनच्या नावाखाली पॉलिस्टर मिळतं, म्हणून दोन धागे ओढून काडीनं जाळून बघा. भुरभुरीत राख झाली तर ठीक, टोकाला कडक गोळी झाली तर ते पॉलिस्टर. सुती अस्तर कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायला सांगा. नाहीतर पहिल्याच धुलाईत आतलं आटतं, वरचं तसंच राहतं आणि ब्लाउजला सुरकुत्या धरतात.

घेराचा हिशेब कागदावर करून बघा, मग दुकानदाराचं बोलणं नीट कळेल. कंबर 28 आणि उंची 40 इंच धरा. पूर्ण गोल, म्हणजे छत्री कटात कापला तर खालचा घेर साधारण 280 इंच होतो, सात मीटरच्या वर. त्याच मुलीला 16 कळ्यांचा केला आणि प्रत्येक कळी खाली 12 इंच ठेवली तर घेर 192 इंच, पाच मीटरला थोडा कमी. दिसायला दोन्ही भरगच्च. पण खालच्या काठावर हातकाम करायचं असेल तर एकात सात मीटर काम आणि दुसऱ्यात पाच. पैसे वाढतात ते वाढतातच, वर त्या दोन मीटरचं वजन मुलीच्या कंबरेला. कळ्यांचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक शिवणीतून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सोडलं किंवा धरलं तरी 16 शिवणींत कंबर 2 इंचांनी बदलते, आणि बाहेरून काही कळत नाही. लग्नाआधी डाएट करणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोन्ही मुलींना हे उपयोगी पडतं.

आणि हे सगळं वजन लटकतं कशावर? आपल्याकडे अजूनही नाडीवर. कामाचा लेहंगा नुसत्या नाडीवर बांधला तर रात्री कंबरेवर लाल वळ उठलेला असतो. मी आत बकरम (कडक कापड) घातलेला अडीच-तीन इंचांचा पट्टा करते, बाजूला हूक, आणि नाडी असते ती फक्त आधाराला. पट्ट्याचं माप मुलीला बसवून घ्यायचं, कारण मांडी घातल्यावर कंबर इंचभर तरी वाढते. कॅनकॅन लेहंग्यात कायमचा शिवू नका, वेगळ्या पेटीकोटला लावा, त्याची कड सुती पट्टीनं बांधून घ्या म्हणजे पाय खरवडणार नाहीत. फोटो झाले की खोलीत जाऊन काढून टाकता येतो, आणि जेवणाच्या पंगतीला नवरी माणसासारखी बसू शकते.

ब्लाउजकडे येऊ, कारण पेहराव बिघडतो तो बहुतेक इथेच. आयांची एक ठरलेली मागणी असते: "मुंढा जरा मोकळा ठेवा, हात वर करता आला पाहिजे." मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, आणि मोकळा म्हणजे त्यांच्या मनात खोल. होतं उलटंच. मुंढा खोल कापला की बाही खालून निघते, आणि हात उचलला की अख्खा ब्लाउज वर ओढला जातो, पोटाशी उघडा पडतो. मुंढा काखेच्या जवळ ठेवला आणि बाहीला दंडापाशी पुरेशी रुंदी दिली तर हात कानाला लागला तरी ब्लाउज जागचा फारसा हलत नाही. आमचे कटिंग करणारे मास्टर गिऱ्हाइकाला एवढंच सांगतात, "मुंढा वर घेतला तं हात मोकळा राहते ना ताई, घालून पाहा." आणि घातल्यावर पटतं.

म्हणून पहिली ट्रायल खऱ्या कापडात करूच नका. मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, कच्चा ब्लाउज शिवून घ्या. मांजरपाट स्वस्त असतो, त्यावर पेनानं खुणा करता येतात, टाचण्या लावता येतात, गळा कात्रीनं तिथल्या तिथं खोल करता येतो. तो घालून मुलीला चार गोष्टी करायला लावा: दोन्ही हात डोक्यावर, खाली वाकून नमस्कार, मांडी घालून दहा मिनिटं बसणं आणि मागे वळून बघणं. पाठीचा गळा मोठा हवा असेल तर खांदा उतरतो का ते इथेच कळतं. मोठ्या गळ्याला नुसत्या लटकनच्या दोऱ्या पुरत नाहीत. आतून खांद्यापाशी पारदर्शक पट्टी किंवा छातीशी कप शिवलेला हवा. या मांजरपाटावरून कागदी कटिंग पक्कं होतं आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लागते. काही बुटीकमध्ये "आमचा अंदाज पक्का आहे" म्हणून हे टाळतात. साध्या ब्लाउजला ठीक आहे. हातकामाच्या ब्लाउजला नाही.

कारण हातकामाची पद्धतच तशी आहे. जरदोसी (जरीच्या तारेचं भरतकाम) किंवा आरीचं (आकडीच्या सुईचं) काम शिवलेल्या ब्लाउजवर होत नाही. सपाट कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून बांधतात. कागदाला बारीक भोकं पाडून केलेला खाका त्यावर ठेवून रंगाचा बोळा फिरवतात, नक्षीचे ठिपके कापडावर उमटतात. त्या ठिपक्यांच्या बाहेर ब्लाउजच्या भागांची कड आखलेली असते. कारागीर दोन्ही बाजूंना बसून त्या कडेच्या आत काम करतात. काम संपल्यावर कापड उतरवून कापतात, मग शिवतात. भरगच्च कामानं कापड थोडं आवळतं, म्हणून कड मूळ मापापेक्षा जराशी मोठी आखतात. आता तुम्हीच बघा, माप पक्कं नसताना काम सुरू केलं तर नंतर बदलायचं काय? नक्षीतला मोर मुंढ्याच्या शिवणीत गेलेला असतो. मी कारिगरांना बगलेच्या शिवणीपासून दीड इंच जागा कोरीच ठेवायला सांगते. शेवटची ट्रायल झाली की तेवढी नक्षी हातानं भरून घ्यायची. आणि आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, भरपूर सोडायची, बाजूला दीड इंच तरी. माया न सोडलेला ब्लाउज पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नात घालता येत नाही.

हातकाम म्हणून मशीनचं काम गळ्यात मारलं जातंय का, हे उलटं करून बघा. मशीनच्या कामाला मागे खालच्या रिळाचा एकसारखा धागा सगळीकडे दिसतो, पुष्कळदा मागे कागदी थरही चिकटलेला असतो. हाताच्या कामाला मागे गाठी, उड्या, थोडा गोंधळ असतो. मशीनचं काम वाईट नाही, स्वस्त आहे आणि हलकंही असतं. लेहंग्याच्या बुट्ट्या मशीननं आणि ब्लाउज, काठ हातानं, असं मी स्वतः सुचवते. फक्त पैसे ज्याचे त्याचेच द्या.

आजीचा शालू. मला खरं विचाराल तर तो मोडू नका, मंगलाष्टकांना किंवा लक्ष्मीपूजनाला साडी म्हणूनच नेसवा आणि त्यावर नवा ब्लाउज शिवा. तरी मोडायचाच असेल तर आधी त्याची तब्येत तपासा. वर्षानुवर्षं ज्या घडीवर राहिला ती घडी उजेडासमोर धरा. रेघेवर उजेड जास्त झिरपत असेल, किंवा दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणल्यावर बारीक करकर आवाज येत असेल, तर रेशीम गेलंय. ते शिलाई धरणार नाही. काठ आणि पदर बहुधा शाबूत असतात, त्यांचा वापर ओढणीला किंवा ब्लाउजला करा.

शालू दणकट निघाला तरी त्याच्या कळ्या कापता येत नाहीत, हे आधी सांगते. कळीचा लेहंगा खाली गोलाईत जातो आणि साडीचा काठ सरळ विणलेला असतो. गोलाईवर सरळ काठ बसवायला गेलं की जागोजागी चुणी येते. त्यामुळे साडीचा लेहंगा चुण्यांचाच होतो. साडीचा पन्हा (रुंदी) म्हणजे लेहंग्याची उंची, आणि साडीची लांबी म्हणजे घेर. सहावारी साडी साडेपाच मीटरची. पदर आणि ब्लाउजपीस सोडलं तरी साडेचार मीटर हातात राहतं, आणि ते सगळंच घालायचा मोह होतो. तिथेच लेहंगा कंबरेत जाड दिसायला लागतो, कारण ब्रोकेडचे सहा-सहा थर एकावर एक येतात. नितंबापर्यंत साधा पट्टा शिवा आणि चुण्या त्याखाली सुरू करा. नितंबाचं माप 38 इंच असेल तर सपाट चुणीला तिप्पट, म्हणजे 114 इंच, तीन मीटरच्या आत कापड लागतं. उरलेल्यातून ब्लाउज, पोटली आणि नवरदेवाच्या शेल्याला किनार निघते. उंच मुलीला पन्हा कमी पडतो, तेव्हा वरच्या पट्ट्यानं ती उंचीही भरून निघते. वरचा काठ काढून बाहीला लावला की आजीची साडी ओळखू येते.

कापड खरेदीला गांधीबागेत जा, इतवारीत जा, पण रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. थान दाराशी आणून उन्हात बघा, मग मोबाईलच्या टॉर्चखाली आणि पिवळ्या बल्बखाली. हल्ली लॉनच्या स्टेजवर गुलाबी-जांभळे एलईडी लावतात. त्यात मरून काळपट दिसतो आणि हळदी रंग निस्तेज. डेकोरेशनवाल्याला चेहऱ्यावरचा दिवा पिवळसर पांढरा (वॉर्म व्हाइट) ठेवायला सांगितलं तर तो ठेवतो, फक्त सांगावं लागतं. कापड तुम्हीच आणणार असाल तर मीटर आधी मास्टरकडून लिहून घ्या. लॉट बदलला की त्याच रंगात फरक येतो, म्हणून नंतर "अर्धा मीटर आणून द्या" ही वेळ येऊ नये.

वेळ. पाच महिने मिळाले तर उत्तम, साडेतीन-चार चालतील. तुमच्या तारखेला एक अडचण अशी की सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि हातकामाचे बरेच कारागीर ईदला गावी जातात. त्या दिवसांत अड्डे अर्धे रिकामे असतात, आणि परत आल्यावर सगळ्यांचीच लग्नं तोंडावर. म्हणून तुमचं हातकाम रमजान लागायच्या आत अड्ड्यावरून उतरायला हवं. त्यावरून मागे मोजा: दिवाळीनंतर मुलगी येईल तेव्हा माप आणि डिझाइन, डिसेंबरात मांजरपाटाची ट्रायल, लगेच काम सुरू. मार्चअखेर कच्ची शिलाई घालून बघायची आणि शेवटची ट्रायल लग्नाआधी आठ-दहा दिवस. त्याहून आधी नको, त्या महिन्यात वजन हलतं. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर रंग आणि नक्षी ठरवता येते, फिटिंग नाही. तिची बहीण "अगदी तिच्याच मापाची" असली तरी नाही.

दोन महिन्यांहून कमी वेळ असेल तर माझा सल्ला साफ वेगळा: तयार लेहंगा घ्या, त्यातला ब्लाउज तेवढा नव्यानं शिवा, आणि पट्टा-अस्तर बदलून घ्या. बघणाऱ्याला ब्लाउजच दिसतो.

बुटीकमध्ये चिठ्ठीवर लिहून घ्यायच्या गोष्टी: कापड कोणाचं आणि किती मीटर, हातकाम नेमकं कुठे आणि कुठवर, अस्तर कोणतं, माया किती, ट्रायलच्या तारखा, आणि काम अड्ड्यावर चढण्याआधी नक्षीचा वीतभर नमुना दाखवणार का. नमुना फार महत्त्वाचा. कागदावरचं फूल आणि दबक्यातलं (जरीच्या गुंडाळलेल्या तारेचं) फूल यांत पुष्कळ अंतर असतं. नमुन्यात मोती मोठा वाटला तर बदलता येतो. पूर्ण पैसे शेवटच्या ट्रायलच्या आधी देऊ नका. उरलेलं कापड, मणी, जरीचा धागा पुडीत बांधून मागून घ्या, आणि लग्नाच्या दिवशी ती पुडी सुई-दोऱ्यासह मावशीच्या पर्समध्ये.

उंचीचं शेवटचं माप चपलेसह घ्या, त्याच चपलेसह. लॉनवर पेन्सिल हील गवतात रुतते, त्यात संध्याकाळी पाणी मारलेलं असतं. जाड टाचेची किंवा सपाट चप्पल ठरवा आणि लेहंगा जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर खालचं काम चिखल ओढत फिरेल. अत्तर किंवा स्प्रे कपडे घालण्याआधी अंगाला. जरीवर उडाला तर ती काळी पडते. खडे टाक्यांनी बसवलेत की गोंदानं, हे उलट्या बाजूनं बघून घ्या. गोंदाचे असतील तर बॉक्स दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेच्या उन्हात डिकी इतकी तापते की गोंद नरम पडतो, आणि संध्याकाळी नवरी तयार होताना खडे बॉक्सच्या तळाशी सापडतात. तो बॉक्स सकाळीच खोलीत, कूलरसमोर नाही, आणि झाकण थोडं उघडं ठेवून.